सतरावी

त्या हिवाळ्यात समुद्र गोठला आणि फेरी बंद पडली.
सारेमा बेटावरच्या दवाखान्यात माझ्याकडे उरलं होतं
अर्धी बाटली आयोडीन, कापसाचे दोन गठ्ठे
आणि एक निळा रंग, ज्यानं काहीच बरं होत नाही.

उकु आला. वय नऊ.
हात खिशात, काढायला तयार नाही.
आईनं मनगट धरून ओढलं तेव्हा दिसल्या
चामखिळी. मी मोजल्या. सतरा.
शाळेच्या नाचात कुणी त्याचा हात धरत नव्हतं.

औषध नाही, एवढं सांगून मोकळं होता आलं असतं.
मी दार लोटलं, आवाज खाली आणला,
आणि एकेकीवर निळा ठिपका देत म्हणाले,
"प्रत्येकीच्या खाली एक बारीक नळ असतो.
आज मी ते बंद करतेय.
आधी गार वाटेल, मग काहीच नाही.
बर्फ फुटायच्या आत वाळून जातील."

"गार वाटलं," तो म्हणाला.
बाटली तर सकाळपासून शेगडीजवळ होती.
नर्स लेइदा पाठमोरी उभी. ती हसतेय,
हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

मार्चअखेर बर्फ तडकला, तोफ डागावी तसा.
उकु आला, या वेळी हात पुढे करून.
सोळा गेल्या होत्या. व्रण नाही, डाग नाही.
सतरावी अंगठ्यावर, जशीच्या तशी.
"ही का राहिली?"
"हिला मी सांगितलंच नाही.
गणिताच्या तासाला चोळायला काहीतरी लागतं."

त्या रात्री केसपेपरवर काय लिहावं सुचेना.
शेवटी लिहिलं : निळा रंग, एकदा.
सांगणारी मी, असं मी समजत होते.
तो म्हणतो, सांगणारा तो.
मग ऐकणारा कोण होता त्याच्या आत,
सोळा घरं फिरून
अंगठ्याचं दार न वाजवता परतलेला?

अकरा वर्षांनी हिल्लार. माझा नवरा. होड्या बांधायचा.
टालिनच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली
आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं.
स्वादुपिंडात गाठ.

घरी आणल्यावर मी दार लोटलं.
आवाज खाली आणला.
"तिचा नळ मी बंद करतेय."
हिल्लारनं एक डोळा उघडला.
"माइमू, तिला एस्टोनियन येत नाही."

नव्हतंच येत. रोज सांगितलं, रोज वाढली.
चामखीळ ऐकते, गाठ ऐकत नाही.
चाळीस वर्षांच्या डॉक्टरकीत एवढं कळलं,
आणि का, ते नाही.

पण एका संध्याकाळी,
पाच दिवस अन्नाला शिवला नव्हता तेव्हा,
मी उगाच बोलत बसले होते
जुनिपरच्या धुरात टांगलेल्या फ्लाउंडर माशाबद्दल,
त्याचं सोनेरी कातडं बोटांनी कसं सोलायचं,
खाली काळी राईची भाकरी, वर कच्चा कांदा.
घरात तसलं काही नव्हतं. शेगडीही विझलेली.

आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.
म्हणायची पद्धत म्हणून नव्हे, खरंखुरं.
ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलं.
मी अंगठ्यानं पुसलं. कोमट होतं.
एक नळ तर सापडला होता मला,
हवा होता तो नव्हे.

हल्ली फेरीवर तिकिटं उकु फाडतो.
पन्नाशी उलटली, दाढी पांढरी.
मी दिसले की न विचारता अंगठा दाखवतो.
आहे. अजून आहे.
"घालवू का?"
"राहू दे. तुमचे गुडघे कसे आहेत?"
"गुडघे आहेत," मी म्हणते.

वारा असतो, रांग खोळंबलेली असते.
तो वाकतो. माझ्याकडे बघत नाही,
गुडघ्यांकडे बघतो
आणि आवाज खाली आणतो.